तीळ, टाके आणि काथ

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणाऱ्यांना सुरीचं फार कौतुक. पट्टीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मी सरकारी नोकरीतली सिस्टर. सातारा जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांतून बदल्या घेत घेत निवृत्त झाले, आणि त्यातली बरीच वर्षं मायनर ओटीत काढली. नाव ओटी, पण असायचं काय? एक लोखंडी टेबल, मान वळवता येणारा दिवा, उकळून काढलेल्या हत्यारांचा ट्रे आणि दाराशी बाकावर बसलेली माणसं. कुणाचं गळू, कुणाचं कुरूप, कुणाची चरबीची गाठ, कुणाचा मस. डॉक्टरांचं काम पंधरा-वीस मिनिटांत आटपायचं. तिथून पुढे तो माणूस माझ्या ताब्यात. पट्टी कधी बदलायची, टाके कधी काढायचे, अंघोळ कधी, वांगं चालेल का, हे सगळे प्रश्न मला. त्यामुळे जुन्या काळी लोक तीळ-मस कसे काढत असतील यापेक्षा काढल्यावर जखमेचं काय करत असतील, याचीच मला उत्सुकता. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा मी शोधत गेले ते हेच.

तीळ काढायला येणाऱ्यांत हौशी कमी, अडलेले जास्त. मानेवरचा मस मंगळसूत्रात अडकून रक्ताळलेली बाई, दाढी करताना दर खेपेला हनुवटीवरची चामखीळ छाटली जाणारे मास्तर, पायजम्याच्या नाडीखाली मस घासून हैराण झालेला शेतकरी. सोबत एखादी आजी हमखास. "तीळ लक्ष्मीचा असतो बाई, त्याला सुरी लावू नये," असं मला बजावणाऱ्या आजीच्या हनुवटीवर स्वतः गोंदवून घेतलेला हिरवा ठिपका असायचा. देवाने दिला नाही तर सुईने पाडून घ्यायचा, बाळाला काजळाची तीट लावायची, आणि अस्सल उगवला की त्याचं काय करायचं यावर घरात दोन तट. कापला तर कॅन्सर होतो, ही दुसरी धास्ती. यातलं कार्यकारण लोक उलटं लावतात. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८०४ साली मेलॅनोमा या काळ्या कर्करोगाचं वर्णन केलं, तेव्हापासून आजवर सुरीमुळे साधा तीळ बिघडतो असं कुणी दाखवलेलं नाही. बिघडलेला तीळ उशिरा कापला जातो, मग लोक सुरीला दोष देतात. आकार वेडावाकडा, कडा फाटलेल्या, रंग एकाहून अधिक, वाढ चालू, यांतलं काही दिसलं की तो काढायचा आणि फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवायचा. आपल्याकडे हा रोग कमी, पण तो तळपायावर किंवा नखाखाली लपून बसतो. म्हणून मी शेतकऱ्यांना तळवे दाखवायला सांगायचे. त्यांना वाटायचं, सिस्टर काटा शोधतायत.

सुश्रुतसंहितेची जी प्रत माझ्या हाती आली ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली. संस्कृत मला शाळेपुरतं येतं. अडलं की शेजारच्या निवृत्त शास्त्रीबुवांना विचारते. निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात किरकोळ रोगांची यादी आहे, तिथे आमचा बाकावरचा सगळा गोतावळा भेटला. अंगाबरोबर सपाट, तिळाएवढा, काळा, न दुखणारा तो तिलकालक. उडदासारखा काळा, टणक, उचललेला तो मशक. जन्मापासूनचा, किंचित उंच तो जतुमणि. उपाय चिकित्सास्थानात सांगितलाय: शस्त्राने उचलून काढा, मग क्षाराने किंवा विस्तवाने सावकाश डागा. सावकाश हा शब्द तिथे दोनदा आलाय. ज्याने हे लिहिलं त्याने घाई करून पस्तावलेले शिष्य पाहिलेले असणार.

क्षार म्हटलं की मला आठवतात चुना-सोडा लावून आलेली माणसं. खेडोपाडी चामखीळ घालवायचे उपाय ठरलेले. घोड्याच्या शेपटीचा केस बुडाशी घट्ट बांधायचा, की रक्त तुटून ती सुकून पडते. देठ बारीक असेल तर हा उपाय चालतो, हे मीही मान्य करीन. पेटत्या उदबत्तीने डागायचं. किंवा खायचा चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून काडीने लावायचा. या तिसऱ्या उपायात काय होतं? चुना आणि सोडा ओलाव्यात भेटले की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, आणि तो कातडी खातो. मस जातो, पण त्याच्यासोबत भोवतालची कातडीही जाते, आणि खाली खड्डा पडतो.

आता सुश्रुताची कृती पाहा. ठरावीक झाडांची लाकडं जाळून राख करायची, राख पाण्यात कालवून ते पाणी एकवीस वेळा गाळायचं, मग आटवायचं. आटत असताना शंख आणि शिंपल्यांसारखा चुना देणारा माल लाल होईतो तापवून त्यात विझवायचा. राखेतला कार्बोनेट आणि भाजलेल्या शंखाचा चुना, म्हणजे चुना-सोड्याचंच रसायन, फक्त सोड्याच्या जागी पोटॅश. तयार झालेला क्षार ठेवायचा लोखंडी भांड्यात. आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीची मुद्दाम दखल घेतली आहे. गावठी उपायवाल्याला इथपर्यंतचं जवळजवळ सगळं ठाऊक होतं. त्याला पुढचं ठाऊक नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने सगळी विद्या त्या पुढच्यात आहे. क्षार लावल्यावर शंभर अक्षरं उच्चारायला लागतील एवढाच वेळ थांबायचं. जागा काळी पडली की झालं असं समजायचं, आणि लगेच वर आंबट पदार्थ, तूप आणि ज्येष्ठमध लावायचं. आंबटाने क्षाराचा जोर मरतो, हे कसं घडतं याची चर्चासुद्धा त्या अध्यायात आहे. म्हणजे डागायचं कसं हे सांगून झाल्याबरोबर थांबवायचं कसं हे सांगितलंय. चुना-सोडा लावून रात्रभर झोपलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता पुण्याची गोष्ट. ती तिळाची नाही, नाकाची आहे, पण कातडीच्या शस्त्रक्रियेचा जगातला सगळ्यात गाजलेला कागद आपल्या पुण्यातून गेला असताना ती वगळणं बरं नव्हे. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र आणि एक चित्र छापून आलं. कावसजी नावाचा गाडीवान. नावावरून पारशी वाटेल, पण पत्रात तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचं म्हटलंय. १७९२ च्या लढाईत तो इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी धरलं, नाक आणि एक हात कापून सोडलं. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. कपाळाची कातडी खाली ओढून. जेम्स वेल्सने त्याचं चित्र काढलं ते जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं रंगवणारा. त्याच्या पुढच्याच महिन्यात वानवडीला महादजी शिंदे वारले. एवढ्या राजकारणाच्या धामधुमीत कुणी एका गाडीवानाचं नाक नीट पाहत होतं, याचं मला नवल वाटतं.

मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. पत्रात त्यांच्या हवाल्याने कृती दिलीय. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक पट्टा तसाच ठेवायचा, म्हणजे तिथून रक्त येत राहतं. पट्टा अर्धा पिळून कातडी खाली आणायची आणि कडा खाचेत बसवायच्या. लोक इथवर वाचतात, वाहवा करतात आणि पान उलटतात. मी पुढच्या ओळींवर थबकले, कारण त्यात टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस दुसरी कसलीही मलमपट्टी नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली कापडं. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे, वाट उघडी राहावी म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधला जोडपट्टा कापायचा.

काथ म्हणजे पानातला तोच. खैराचा गाभा उकळून आटवून काढलेला, आपल्या रायगड-ठाण्याच्या रानात काथोडी लोक पिढ्यान्‌पिढ्या पाडत आले तो. त्यातलं टॅनिन कातडीतल्या प्रथिनांना आवळतं, रक्त थांबवतं, सुकल्यावर पापुद्रा घट्ट धरतो. आज चेहऱ्यावरच्या बारीक जखमेला टाके टाळून कागदी चिकटपट्ट्या लावतात, त्यामागचा हिशोब हाच: सुईची भोकं नकोत, म्हणजे भोकांचे डाग नकोत. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हे वाचून प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली. त्याच्या नावावर पुस्तक आहे, १८१६ चं. दोन्ही इंग्रज डॉक्टरांची नावं पत्रात आहेत, चित्रकाराचं माहीत आहे, चित्राचा ठसा कोरणाऱ्याचंही आहे. ज्याने शस्त्रक्रिया केली त्याची नुसती जात लिहिलीय. आणि काथाच्या पट्ट्या चार दिवस जागच्या जागी कुणी सांभाळल्या, उताण्या माणसाच्या तोंडात कुणी पेज घातली, तुपाची कापडं कुणी बदलली, त्याची तर जातही लिहिलेली नाही. माझा अंदाज विचाराल तर घरातली एखादी बाई असणार.

टाके घालणं मात्र पुण्याच्या त्या कारागिरापेक्षा कितीतरी जुनं. सुश्रुताच्या सूत्रस्थानात धाग्यांची यादी आहे: बारीक सूत, ताग, अळशीचा धागा, स्नायूची तात, केस, मोरवेलीचे आणि गुळवेलीचे तंतू, आणि अश्मंतकाची साल. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. दसऱ्याला आपण त्याची पानं ओरबाडून सोनं म्हणून वाटतो, पण त्याच्या सालीचा वाख माणसं शिवायला वापरला जाई, हे वाचून त्या वर्षी मी पानं तोडली नाहीत. टाका जखमेच्या कडेपासून फार लांब घातला तर दुखतो, फार जवळ घातला तर कड फाटते, असंही तिथे स्पष्ट आहे. नव्या इंटर्न मुलांना मी हेच सांगायचे, अर्थात संस्कृतात नव्हे. शिकण्याची सोयही सांगितलीय: कापायचा सराव कोहळ्या-भोपळ्यांवर आणि काकडीवर, शिवायचा सराव कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. आमचे इंटर्न सराव करायला सरळ माणसांवर यायचे.

रेघ कुठल्या दिशेने मारायची, हे मात्र युरोपने शिकवलं. व्हिएन्नाच्या कार्ल लांगरने १८६१ मध्ये प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली. भोकं गोल राहिनात, लांबट होऊन उघडत. त्यांच्या दिशा जोडत गेल्यावर सगळ्या अंगावर ताणाच्या रेषांचा नकाशा उमटला. म्हणून वाटोळा तीळ काढताना डॉक्टर त्याच्याभोवती करंजीच्या आकाराचा काप घेतात आणि तो त्या रेषांना धरून ठेवतात. तीळ केवढासा, आणि टाक्यांची रेघ त्याच्या तिप्पट लांब, म्हणून माणसं भांडायला यायची. गोल कापून गोलच शिवलं तर दोन्ही टोकांना कातडीचे कान उभे राहतात, हे समजावण्यात माझी बरीच शक्ती गेली.

भूल देण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो इतिहास लोकांना ठाऊक असतो. सुश्रुत दारू पिणाऱ्याला आधी मद्य पाजायला सांगतो. जागेपुरती भूल आली ती १८८४ मध्ये, कार्ल कोलरने डोळ्यात कोकेन घातलं तेव्हा. पुढे १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने आज आमच्या प्रत्येक ट्रेमध्ये असतं ते लिग्नोकेन तयार केलं, आणि १९४८ मध्ये ते बाजारात आलं. तीळ काढताना तेवढी एक सुई टोचलेली दुखते. बाकी माणूस छताकडे बघत गप्पा मारतो.

मग पट्टी. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पट्टीचा जो नियम आहे तो मी प्रत्येक ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर रंगवून घेतला असता. पट्टी तिसऱ्या दिवशी सोडावी. घाई करून दुसऱ्या दिवशी सोडू नये, कारण तसं केलं तर जखम गाठाळते, उशिरा भरते आणि फार ठणकते. शिवाय ऋतूचा भेद: थंडीत आणि वसंतात तीन दिवसांनी, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि शरदात दोन दिवसांनी. जावळी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात काम केलेल्या कुणालाही याचं कारण सांगावं लागत नाही. तिथे गॉज बाहेरूनच ओला होतो. पण लोकांना धीर कुठला? टाके घातल्याच्या दुसऱ्या सकाळी पट्टी उचलून "जरा बघितलं" असं सांगणारे मी रोज पाहिले. कुणी वर हळद दाबलेली, कुणी दंतमंजन.

हळदीचा उल्लेख आलाच आहे तर तो खटलाही सांगते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघा संशोधकांच्या नावे पेटंट दिलं. आक्षेपाच्या वेळी रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्या संस्थेने १९९६ मध्ये बत्तीस जुने दाखले पुढे ठेवून आक्षेप घेतला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. मला अभिमान वाटला, यात शंका नाही. पण खटला जिंकल्याने डब्यातली हळद निर्जंतुक होत नाही. ताज्या टाक्यांवर स्वयंपाकघरातली हळद घातलेली मला अजूनही चालत नाही.

पथ्याच्या बाबतीत मी मवाळ. डाळ-उसळ खाल्ली की पू होतो, हे आपल्याकडे पक्कं मुरलेलं. त्याचं मूळही सुश्रुताच्या सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात सापडलं: जखमी माणसाला नवं धान्य, उडीद, तीळ, वाटाणा, कुळीथ, पावटा वर्ज्य. पण त्याच यादीच्या खाली काय चालेल तेही आहे, ते मात्र आज्या विसरल्या. जुना तांदूळ, तूप, मुगाचं कढण, तांदुळजा, चाकवत, पडवळ, कारलं, वांगं, डाळिंब, आवळा, आणि मांसरससुद्धा. वांग्याचा निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून मला अंमळ बरं वाटलं. त्याच अध्यायात असंही आहे की जखमी माणसाजवळ मित्रांनी बसून गोष्टी सांगाव्यात, त्याने वेदना पळतात. आमच्या वॉर्डात भेटीची वेळ चार ते सहा होती. नियम करणाऱ्यांनी सुश्रुत वाचला नव्हता.

"हवा लागू दे, खपली धरू दे" हा मोठ्यांचा आणखी एक हुकूम. मीही नोकरीच्या सुरुवातीला तेच शिकले आणि तेच सांगितलं, कारण तेव्हा सगळेच तसं सांगत. लंडनच्या जॉर्ज विंटरने १९६२ मध्येच 'नेचर'मध्ये छापलं होतं की डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमा पातळ प्लास्टिकने झाकल्या तर उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने वरची कातडी धरते. खपलीखाली नव्या पेशींना वाट शोधत फिरावं लागतं, ओलसर जागेत त्या सरळ सरकतात. ते लंडनहून तालुक्याला पोचायला काही दशकं गेली. तुपाची कापडं लावणाऱ्या पुण्याच्या माणसाला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.

या सगळ्या वाचनाच्या मधोमध माझ्याच पाठीवरचा मस निघाला. ब्लाउजच्या कडेखाली घासत होता, एका बाजूने रंग बदलायला लागला होता. अहवाल साधा आला. पण पाठीवरचे टाके चेहऱ्यासारखे पाच दिवसांत काढत नाहीत, तिथे दहा ते चौदा दिवस ठेवतात, कारण वाकलं की तिथली कातडी ताणली जाते. टाके काढले त्या दिवशी जखमेत मूळ कातडीच्या जोराचा दहावा हिस्सा जेमतेम असतो. तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आणि त्यापुढे तो फारसा वाढत नाही. शेकडो लोकांना "जड उचलू नका" सांगितलेली मी, स्वतःवर वेळ आल्यावर सुनेने पाण्याची बादली हातातून काढून घेतली तेव्हा चिडले.

शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच: डाग जाईल का? छातीवर आणि खांद्यावर मी आधीच सावध करायचे. तिथे काहींची कातडी भरायची थांबतच नाही, मूळ जखमेच्या बाहेर दोरखंडासारखी वाढते. बाकीच्यांना सांगायचे, वर्षभर धीर धरा, ऊन लागू देऊ नका, लाल रेघ हळूहळू फिकी होते. सुश्रुताने जखमेचे साठ उपक्रम मोजलेत. त्यांत जखम भरल्यावर पांढऱ्या डागाला काळा रंग आणणं, काळ्याला उजळणं आणि गेलेले केस परत उगवणं हेही धरलंय. म्हणजे हा प्रश्न त्यालाही कुणी ना कुणी रोज विचारत असणार. काळा रंग आणण्यासाठी त्याने बिब्ब्याचं तेल सांगितलंय: बिब्बे आधी गोमूत्रात, मग दुधात भिजवायचे, चिरून लोखंडी भांड्यात घालून तेल काढायचं, त्यात जनावरांच्या खुरांची राख मिसळायची. ही कृती मी कुणाला सांगितलेली नाही. बिब्बा उतून तोंड सुजवून आलेली माणसं मी फार पाहिली आहेत.